आपल्या सिमचं घराणं

आपल्या कोकणातल्या मुस्लिम घरांत काही आकडे लहान मुलांनाही पाठ असतात. ९६६ म्हणजे सौदी, ९७१ म्हणजे दुबई-शारजा, ९६५ म्हणजे कुवेत, ९६८ म्हणजे ओमान आणि ९७४ म्हणजे कतार. ज्या घरातला माणूस आखातात आहे, त्या घराचा भूगोल या आकड्यांपासून सुरू होतो. आता व्हॉट्सअ‍ॅपमुळे फोन लावताना ते कमी दाबावे लागतात, तरी त्यांची ओळख पुसलेली नाही.

पण आपल्या फोनच्या आत आकड्यांची आणखी एक ओळख आहे. ती आपण कधी दाबत नाही, कुणाला सांगत नाही, आणि बहुतेकांना ती आहे हेही ठाऊक नसतं. तिच्यावरच आपला फोन कुठल्या देशाचा, कुठल्या कंपनीचा हे ठरतं. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञान हा माझा विषय नाही. तरी दोन वर्षांपूर्वी माझ्या घरात जे घडलं, त्यानंतर मी ही गोष्ट समजून घेतली. आपल्या घरांना ती उपयोगाची आहे, म्हणून हा लेख.

आपल्या गावात अनोळखी मुलगी दिसली की म्हातारी माणसं विचारतात, "कुठली गं तू? कुठल्या मोहल्ल्यातली? कोणाची?" आधी गाव, मग मोहल्ला, मग घर. मोबाइलचं जाळं सिम कार्डाला हेच तीन प्रश्न ह्याच क्रमाने विचारतं. प्रत्येक सिममध्ये जास्तीत जास्त पंधरा अंकांची एक संख्या साठवलेली असते. तिचे पहिले तीन अंक देश सांगतात. पुढचे दोन किंवा तीन अंक त्या देशातलं कुठलं जाळं, म्हणजे कुठली कंपनी, ते सांगतात. उरलेले अंक म्हणजे त्या कंपनीचा तो एक ग्राहक. हा आपला दहा अंकी मोबाइल नंबर नव्हे. दहा अंकी नंबर लोकांसाठी असतो, ही पंधरा अंकी संख्या यंत्रांसाठी.

देशाचे अंक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठरवतो. ही संयुक्त राष्ट्रांची संस्था जिनिव्हात आहे. या यादीत पहिल्या अंकावरूनच जगाचा भाग कळतो. २ म्हणजे युरोप, ३ म्हणजे उत्तर अमेरिका आणि कॅरिबियन बेटं, ४ म्हणजे आशियाचा बराचसा भाग आणि मध्यपूर्व, ५ म्हणजे आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचा भाग, ६ म्हणजे आफ्रिका, ७ म्हणजे दक्षिण आणि मध्य अमेरिका. भारताला ४०४ मिळाला. पुढे जाळी वाढली तेव्हा ४०५ हाही वापरात आला. पाकिस्तान ४१०, कुवेत ४१९, ओमान ४२२, अमिराती ४२४, बहारीन ४२६, कतार ४२७, बांगलादेश ४७०. आणि सौदी अरबस्तान ४२०.

वर्गात मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा ४२० ला मुलं खो-खो हसली. हसणारच. आपल्याकडे 'चारसोबीस' ही शिवी झाली, ती फसवणुकीच्या जुन्या कलमावरून. ते कलमही आता राहिलं नाही; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. मुलांना एवढंच सांगितलं की आकड्याला स्वतःची अब्रू नसते, बेअब्रूही नसते. एकाच आकड्यात आपल्याला चोर दिसतो, आणि जिद्दाच्या विमानतळावर उतरलेल्या हाजीच्या फोनला त्याच आकड्यात सौदीचं जाळं दिसतं.

याच यादीत एक जागा वाचताना मी थांबले. फिलिस्तीनला बाहेरून फोन लावायचा तर ९७० हा वेगळा क्रमांक आहे. पण मोबाइल जाळ्यांच्या यादीत तिथल्या कंपन्या आणि इस्रायलच्या कंपन्या ४२५ या एकाच देश-अंकाखाली येतात. नकाशावर न सुटलेला प्रश्न या तीन अंकांतही न सुटलेलाच आहे.

आता कंपनीचे अंक. आपल्याकडे मोबाइलवरचा पहिला फोन ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीला झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना तो केला. त्या काळी परवाने सबंध देशाचे नव्हते, सर्कलचे होते. म्हणून एकाच कंपनीला प्रत्येक सर्कलमध्ये वेगळा अंक मिळाला. मुंबई हे एक सर्कल, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. एअरटेलचा मुंबईचा अंक ९२, महाराष्ट्र-गोव्याचा ९०. बीएसएनएलचा महाराष्ट्राचा ६६. एमटीएनएलचा मुंबईचा ६९. जिओ उशिरा आली, तोवर दोन अंकी जागा अपुऱ्या पडू लागल्या होत्या, म्हणून तिला ४०५ च्या पुढे तीन अंकी क्रमांक मिळाले.

मुंबईत ४०४ २० हा क्रमांक असलेल्या जाळ्याची गंमत बघा. सुरुवातीला त्याचं नाव मॅक्सटच. मग ते ऑरेंज झालं, मग हच, २००७ मध्ये व्होडाफोन आणि २०२० मध्ये व्ही. पाट्या बदलल्या, रंग बदलले, जाहिरातीतला कुत्रा आला नि गेला. ४०४ २० मात्र तसाच राहिला. आपली नावं लोकांसाठी असतात. यंत्रांच्या वहीतली नोंद जाहिरातीने बदलत नाही.

उलटंही होतं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर झाली. तेव्हा दहा अंक तेच राहतात, पण कंपनी नवं सिम देते आणि आतले पंधरा अंक बदलतात. लेक सासरी जाते तेव्हा तिला हाक मारायचं नाव तेच राहतं, रेशनकार्ड बदलतं, तसंच काहीसं.

फोन चालू केल्यावर काय होतं, तेही थोडक्यात सांगते. प्रत्येक टॉवर दिवसरात्र आपले आकडे हवेत सांगत असतो : मी अमुक देशाचा, अमुक जाळ्याचा. फोन आजूबाजूचे टॉवर ऐकतो आणि सिममधल्या आकड्यांशी ताडून बघतो. स्वतःच्या घरचं जाळं सापडलं की तिथेच जातो. नाही सापडलं तर ज्या परक्या जाळ्यांशी करार आहे त्यांच्याकडे जातो. कुणीच घेतलं नाही, तर पडद्यावर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसतं. अशा वेळीही ११२ लावून बघायचा. आपलं जाळं नसलं तरी जे कुठलं जाळं तिथे मिळत असेल, त्यावरून तो कॉल जाऊ शकतो. घरातल्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना हे माहीत असलंच पाहिजे.

जुन्या फोनमध्ये कधी कधी जाळ्याचं नाव न दिसता नुसते आकडेच दिसत. कारण आकड्यांवरून नाव काढण्याची यादी त्या फोनमध्ये अपुरी असायची. अब्बा पहिल्यांदा रोमिंग घेऊन जिद्दाहून आले तेव्हा त्यांच्या फोनवर '४०४' आणि पुढे दोन अंक असे आले होते. त्यांनी मला दाखवून विचारलं होतं, "हा कुठला नंबर गं? ह्याला फोन लावायचा का?"

अब्बा जिद्दात एका वर्कशॉपमध्ये फिटर होते, तेवीस वर्षं. मोबाइल आला तेव्हा त्यांच्या नोकरीची शेवटची वर्षं होती. आमचं बालपण टेप केलेल्या कॅसेटींवर आणि निळ्या हवाई पत्रांवर गेलं. मी उर्दूचं पहिलं पत्र लिहिलं ते अब्बांना. २००९ मध्ये ते कायमचे परत आले. सात-आठ वर्षं छान गेली : बागेत कलमं लावली, मशिदीच्या कमिटीत काम केलं, नातवंडांना मोटार दुरुस्ती शिकवली. मग हळूहळू विसर सुरू झाला. आधी चष्मा, मग नावं, मग वेळ. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं आणि सांगितलं की हे परतणार नाही, फक्त सांभाळता येईल. आम्ही सांभाळत होतो.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एके दिवशी असरच्या नमाजला म्हणून अब्बा निघाले आणि मगरिबपर्यंत परत आले नाहीत. मशिदीत विचारलं, तर ते तिथे आलेच नव्हते. खिशात साधा बटणांचा फोन होता. भाभीने लावला, तो एकदा उचलला गेला. अब्बा एवढंच बोलले, "हां, पोहोचून कळवतो." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर वाजत राहिला. साडेआठनंतर बंद लागला.

अम्मी मुसल्ल्यावर बसल्या त्या उठल्या नाहीत. मोहल्ल्यातली पोरं मोटारसायकली घेऊन निघाली. नदीचा घाट, रेल्वे स्टेशन, आंब्याच्या बागा, जिथे जिथे ते पूर्वी जात ते सगळं पाहून झालं. भाई पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी बसवून घेतलं, पाणी दिलं, तक्रार लिहिली आणि वरच्या साहेबांकडून कंपनीला विचारणा करवली. आडनाव बघून कुणी उगाच प्रश्न विचारले नाहीत, हेही इथे लिहून ठेवते.

साडेनऊच्या सुमारास उत्तर आलं. हवालदारांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं, भाईंनी त्याचा फोटो काढला. एका ओळीत चार आकडे. पहिला ४०४. दुसरा कंपनीचा. तिसरा आणि चौथा मोठे, कशाचे ते तेव्हा आम्हाला कळलं नाही. पुढे त्या टॉवरचं गाव लिहिलेलं होतं. भाभीचा फोन उचलला गेला तेव्हा अब्बांचा फोन त्या टॉवरवर होता. ते गाव आमच्यापासून अकरा किलोमीटरवर, महामार्गाकडे. तिकडे शोधायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं, कारण अब्बा अर्धा किलोमीटरही एकटे चालत नसत.

रात्री पावणेअकराला ते सापडले. महामार्गावर मुंबईच्या बाजूच्या थांब्यावर, बंद टपरीच्या बाकड्यावर. अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. पिशवीत एक लुंगी, दाढीचं सामान आणि कधीच मुदत संपलेला पासपोर्ट. कुणा रिक्षावाल्याने सोडलं असावं. भाई जवळ गेले तर त्यांनाच म्हणाले, "गाडी अजून आली नाही. सकाळी जिद्दाची फ्लाइट आहे. उशीर झाला तर कफील रागावेल."

भाईंनी वाद घातला नाही. म्हणाले, "फ्लाइट उद्यावर गेली, अब्बा. आज घरी झोपू." अब्बा निमूट गाडीत बसले. घरी आल्यावर अम्मींनी त्यांच्यासाठी दूध गरम केलं. त्या रात्री घरात कुणी काही विचारलं नाही.

त्या चार आकड्यांचा अर्थ मी नंतर शोधला. पहिले दोन म्हणजे आपण वर पाहिले तेच, देश आणि जाळं. तिसरा म्हणजे त्या जाळ्याने आखलेलं क्षेत्र. त्यात बरेच टॉवर येतात. चौथा म्हणजे त्या क्षेत्रातला एकच एक कप्पा, इंग्रजीत ज्याला सेल म्हणतात. सेलफोन हे नाव त्यावरूनच आलं. फोन नुसता खिशात पडलेला असतो तेव्हा जाळ्याला सहसा एवढंच माहीत असतं की तो कुठल्या क्षेत्रात आहे. बोलणं झालं, मेसेज गेला किंवा इंटरनेट चाललं, की नेमका कप्पा कळतो. म्हणून भाभीचा तो अर्ध्या मिनिटाचा फोन आमच्या कामी आला. गावाकडे एक टॉवर काही किलोमीटरवर पसरलेला असतो, त्यामुळे माणूस नेमका कुठल्या बाकड्यावर आहे हे आकडे सांगत नाहीत. ते कुठल्या बाजूला जायचं एवढं सांगतात. पुढचं शोधणं माणसांनीच करायचं.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा समजली, ती परदेशी माणसांच्या घरांनी मुद्दाम वाचावी. समजा आपला मुलगा भारतातलं सिम घेऊन जिद्दाला उतरला. तिथलं जाळं त्याच्या सिमचे पहिले आकडे वाचतं : ४०४, म्हणजे हिंदुस्थानचा, आणि पुढचे अंक अमुक कंपनीचे. मग ते त्या कंपनीला विचारतं, हा तुमचाच का? घरची कंपनी एक कोडं पाठवते, आणि सिममधली गुप्त किल्ली वापरून फोनने त्याचं उत्तर द्यायचं असतं. किल्ली स्वतः कधीच सिमबाहेर जात नाही. उत्तर जुळलं की घरची कंपनी 'हो, आमचाच' असं सांगते आणि आपल्या वहीत टिपून ठेवते : आपला माणूस सध्या सौदीत, त्या जाळ्यात आहे. त्यानंतर इथून त्याच्या नेहमीच्या नंबरवर फोन केला, तर तो आधी घरच्या कंपनीकडे जातो. ती वही बघते आणि फोन तिकडे वळवते. रोमिंगमध्ये येणाऱ्या फोनलाही पैसे का पडतात, त्याचं कारण हे दोन देशांचं अंतर.

आपल्या पडद्याची काळजीही या यंत्रणेत घेतली आहे. ते पूर्ण पंधरा अंक वारंवार हवेत उघड पाठवले तर कुणीही ऐकून माग काढू शकेल. म्हणून ओळख पटल्यावर जाळं फोनला एक तात्पुरतं नाव देतं आणि ते बदलत राहतं. ५जीच्या रचनेत त्यापुढची सोय केली आहे : देशाचे आणि जाळ्याचे अंक उघडे, आणि ग्राहकाचे अंक झाकून पाठवायचे. घराणं कळावं, व्यक्ती झाकलेली राहावी.

माझ्या उर्दूच्या मुलांना मी यातून एक भाषेचा धडाही काढून दाखवला. उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो, पण संख्या डावीकडून उजवीकडेच मांडतो. ओळ एका दिशेने चालते आणि मध्येच आकडा आला की हात उलट वळतो. मराठीच्या तासाला ही अडचण नसते. मुलांना मी म्हटलं की लिपी कुठल्याही बाजूने चालो, मोठ्या स्थानाचा अंक आधी, हे दोन्हीकडे एकच. सिमच्या संख्येतही मोठं ते आधी : देश, मग जाळं, मग माणूस.

आता थोडं कामाचं. हज किंवा उमऱ्याला जाणाऱ्यांनी निघण्याआधी रोमिंगचा पॅक घ्यायचा की तिथे पासपोर्ट दाखवून सौदीचं सिम घ्यायचं, हे घरीच ठरवावं. सौदीचं सिम घेतलं तर त्याचा नंबर सोबतच्या सगळ्यांकडे आणि घरी कागदावर लिहून ठेवावा. मिनात गर्दीत जाळं तुटलं तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जाळं हाताने निवडता येतं. तिथे नावाऐवजी ४२० ने सुरू होणारे आकडे दिसले तर घाबरू नये. ०१ म्हणजे एसटीसी, ०३ म्हणजे मोबिली, ०४ म्हणजे झेन. विमानात बसल्यावर फोन विमान-मोडवर टाकावा. काही विमानांत आणि जहाजांत त्यांचं स्वतःचं छोटं जाळं असतं, त्याचे आकडे ९०१ ने सुरू होतात. ९०१ हा कुठल्याच देशाचा नाही. चुकून फोन त्यावर गेला तर बिल भारी येऊ शकतं. आपल्याकडे जहाजावर नोकरी करणारी मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्या घरच्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रत्येक फोनवर स्टार, हॅश, ०६, हॅश दाबलं की पंधरा अंकांची आणखी एक संख्या दिसते. ती सिमची नाही, फोनच्या यंत्राची. ती वहीत लिहून ठेवा. फोन चोरीला गेला तर सरकारच्या 'संचार साथी' या सोयीतून तो बंद करायला ती लागते.

आणि ज्यांच्या घरी विसरणारं माणूस आहे, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. त्यांच्या खिशात फोन राहू द्या आणि रोज रात्री तो चार्ज करा. पण फोनवर विसंबू नका. आमच्या भाभीने अब्बांच्या प्रत्येक सदऱ्याच्या आतल्या बाजूला कापडाची पट्टी शिवली आहे : नाव, गाव आणि दोन नंबर, मराठीत आणि उर्दूत. रिक्षा स्टँडवर आणि एसटीच्या थांब्यावर सांगून ठेवलं आहे. माणूस दिसेना झाला तर 'लोक काय म्हणतील' म्हणून रात्र जाऊ देऊ नका. लगेच ११२ लावा, पोलिसांत जा. बॅटरी संपली की टॉवरचा माग तिथेच थांबतो, आणि माणूस मात्र पुढे चालत राहतो.

अब्बा आज घरी आहेत, अल्हम्दुलिल्लाह. मला कधी ओळखतात, कधी 'बाई, तुम्ही कुठल्या?' असं विचारतात. मी गावाचं नाव सांगते, मोहल्ला सांगते, मग त्यांचंच नाव सांगून म्हणते, त्यांची लेक. ते थोडा वेळ विचार करतात आणि म्हणतात, "मग आपल्यातलीच की. बस ना."